माणसे कामावर आहेत

१ फेब्रुवारी. सकाळ.
काल निवृत्त झालो. म्हणजे वीज कंपनीच्या कागदावर. माझ्या मते काल मी एक लहान खातं सोडलं, मोठं खातं पुढे आहे.

निरोप समारंभ झकास. तीन जण बोलले, चौथा मी. माझं भाषण चालू असताना बरेच जण पाळी बदलायला उठून गेले. कंट्रोलरूम कोणासाठी थांबत नाही, हे मीच त्यांना शिकवलंय.

भिंतीवरचं घड्याळ मिळालं. शिवाय मी मुद्दाम मागून घेतलेली वस्तू : माझी लाल पाटी आणि तिचं कुलूप. पाटीवर लिहिलंय, हात लावू नका, माणसे कामावर आहेत. खाली माझं नाव. लाइनवर काम करायचं तर आधी स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, वर आपली पाटी टांगायची. ज्यानं टांगली त्यानंच काढायची. दुसऱ्या कोणी, अगदी कंपनीचा चेअरमन आला तरी, बोट लावायचं नाही. या नियमामुळे माझ्या कारकिर्दीत एकही माणूस दगावला नाही. याचा मला अभिमान आहे.

पुढची योजना अशी. यंदा विभागीय परिषदेची निवडणूक. पक्षाचं तिकीट, मग परिषदेत ऊर्जा समितीचं सभापतिपद, मग राजधानी. पासष्टीच्या आत ऊर्जामंत्री. संकल्प : पहाटे पाचला उठणे, चालायला जाणे, रोज दहा नवीन माणसांना भेटणे, कमी बोलणे.

हिला सगळी योजना सांगितली. ती सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, बरं, खाली जाताय तर दूध घेऊन या.

२ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ.
पाचचा गजर लावला होता. वाजला असणार. जन्मभर संध्याकाळची पाळी केलेल्या शरीराला एका दिवसात वळण कसं लागेल? उद्यापासून.

काल एक अपूर्व अनुभव. संध्याकाळी आठला वीज गेली. आमच्या भागाचं भारनियमन आठ ते दहा. वेळापत्रक मी बनवलेलं, पण त्या वेळी मी कायम कंट्रोलरूममध्ये, तिथले दिवे कधीच जात नाहीत. त्यामुळे घरी बसून हे बघायचा योग आलाच नव्हता. घड्याळात आठचा ठोका आणि इकडे अंधार! एका सेकंदाचा फरक नाही. मी टाळी वाजवली. अंधारात हिच्या शिलाई मशीनचा आवाज थांबला तेवढा ऐकू आला. ती हसली नाही.

तिला म्हटलं, बघ, एवढ्या वर्षांत स्वतःच्या घराला सवलत दिली नाही. ती म्हणाली, माहिती आहे. तिला अभिमान वाटत असणार. बोलून दाखवायचा तिचा स्वभाव नाही.

५ फेब्रुवारी.
पक्षाच्या कार्यालयात गेलो. टायरच्या दुकानावरची खोली. शहराध्यक्ष म्हणाले, आपण काय करता? मी सांगितलं. सगळं सांगितलं. वीज येते कुठून, प्रत्येक भागाचा फीडर म्हणजे काय, कुठल्या वेळी किती मागणी, तुटवडा पडला की कोणाची कधी बंद करायची. तासभर त्यांनी डोळे मिटून एकाग्रतेनं ऐकलं. शेवटी तिकिटाचं विचारलं तेव्हा म्हणाले, बघू.

कंट्रोलरूमचा नियम आहे : फोनवर दिलेला निरोप समोरच्यानं जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. तोपर्यंत तो निरोप नव्हे. मी त्यांना विनंती केली, परत म्हणा. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, बघू. झालं, पक्कं!

घरी येऊन हिला म्हटलं, तिकीट जवळजवळ मिळालं. ती म्हणाली, बाजारात तुरी. मी दुर्लक्ष केलं.

९ फेब्रुवारी.
जनसंपर्काला सुरुवात केली, सलूनमधून. दाढीचा साबण लागल्यावर नाव सांगितलं. न्हाव्याचा हात थांबला. म्हणाला, पेपरात भारनियमनाच्या नोटिशीखाली नाव यायचं ते तुम्हीच का? आठ ते दहावाले? मी म्हटलं, तोच मी! वस्तरा माझ्या गळ्याशी होता, तो बराच वेळ तिथेच राहिला. बाकावर बसलेली गिऱ्हाइकंसुद्धा उठून बघायला आली. एवढी प्रसिद्धी मलाही अपेक्षित नव्हती.

न्हावी म्हणाला, त्याची खरी गर्दी आठ ते दहाच असते, माणसं कामावरून सुटली की. मी त्याला दुपारी गर्दी करायचा सल्ला दिला. दाढी अर्धवट झाल्यासारखी वाटते. डाव्या बाजूला.

१४ फेब्रुवारी.
प्रतिस्पर्धी कळला. कोपऱ्यावरचा इन्व्हर्टरवाला! अपक्ष उभा राहतोय म्हणे. पूर्वी त्याचं सायकलदुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं, एका फळीवर दोन बॅटऱ्या ठेवलेल्या असायच्या. आता तीन दुकानं. रस्त्यात भेटला. माझा हात दोन्ही हातांनी धरून म्हणाला, साहेब, आज मी जो काही आहे तो तुमच्यामुळे. विरोधक स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय, याहून काय हवं?

खरं तर मला त्याची कीव येते. मी निवडून आलो की भारनियमन बंद. भारनियमन बंद की त्याचा धंदा बंद. बिचाऱ्याला परत पंक्चर काढावी लागतील.

हिनं जेवताना पुन्हा तोच विषय काढला, इन्व्हर्टरचा. दर दोन-तीन वर्षांनी काढते. मी पुन्हा तेच उत्तर दिलं : भारनियमन ठरवणाऱ्यानं घरात इन्व्हर्टर लावायचा, म्हणजे डॉक्टरनं स्वतःचं औषध गुपचूप ओतून टाकायचं. आता तर मी उमेदवार. ती म्हणाली, आता तुम्ही निवृत्त आहात. मी म्हटलं, तत्त्व निवृत्त होत नाही. हे वाक्य भाषणात घ्यायचं.

२० फेब्रुवारी.
भाषण तयार. मुलीला फोनवर म्हणून दाखवलं. तिच्या मते पन्नास मिनिटांपैकी निम्मं भाषण ट्रान्सफॉर्मरच्या तेलावर आहे. मी म्हटलं, तेल महत्त्वाचं आहे. ती म्हणाली, बाबा, एकदा लोकांना विचारा तरी त्यांना काय हवंय. मला हसू आलं. मागणी किती हे लोकांना कधीच माहीत नसतं, ते फक्त बटण दाबतात. मागणी आम्ही सांगतो.

मग म्हणाली, आईला बोलवा. आईशी ती माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलली. हळू आवाजात. बहुतेक माझ्या तब्येतीची काळजी.

चालायला जायचं राहतंय. पायात गोळे येतात. उद्यापासून.

२७ फेब्रुवारी.
घरोघर प्रचार. परत म्हणून घ्यायची पद्धत इथेही लागू केली. दार उघडलं की मी विचारतो, मत कोणाला? लोक म्हणतात, तुम्हालाच. मी म्हणतो, परत म्हणा. ते परत म्हणतात. मी टिपून घेतो. असं काम या शहरात आजवर कुठल्याही उमेदवारानं केलं नसेल.

एका आजीबाईंनी तीनदा म्हटलं आणि दार लावलं. आतून त्यांचा आवाज आला, सुनेला सांगत होत्या : तो अंधारवाला आलाय, हो म्हण आणि घालव. वयानुसार थोडा गोंधळ होतो.

एका गॅरेजवाल्यानं मात्र नडायचा प्रयत्न केला. म्हणे, एवढी वर्षं तुम्हीच वीज घालवत होता, आता तुम्हीच आणणार? मी शांतपणे समजावलं, सही माझी होती, अधिकार वरचा होता. तो म्हणाला, मग आता मत वरच्यालाच देतो. विनोदी माणूस. त्याचं मत मी धरलंय.

३ मार्च.
आनंदाची बातमी! पक्षाचे मोठे साहेब नऊ तारखेला येणार. टाउन हॉलमध्ये सभा. तिकीट कोणाला ते तिथेच स्टेजवरून जाहीर करणार. शहराध्यक्षांना विचारलं, माझं नाव आहे ना? ते म्हणाले, तुमचंही आहे. परत म्हणवून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज चढला, उत्साहानं.

आणि सभेची एक जबाबदारी माझ्यावर सोपवली. कुठली? वीज! हॉलचे दिवे, पंखे, माइक, सगळं मी बघायचं. म्हणाले, तुम्ही तिकडेच लक्ष द्या, स्टेजवर यायची घाई नको. म्हणजे खातेवाटप आधीच सुरू झालं. ऊर्जाखातं माझं.

हिला म्हटलं, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ती म्हणाली, साठीचं मूल आहे, जपून. टाके घालत होती, मान वर न करता म्हणाली.

६ मार्च.
कंट्रोलरूमला फोन केला. माझ्या खुर्चीवर आता माझीच जुनी असिस्टंट बसते. तिला म्हटलं, नऊ तारखेला सभा लांबली तर टाउन हॉलच्या फीडरला आठ ते दहा सूट दे. ती म्हणाली, सर, तुम्हीच शिकवलंत, सूट नाही, स्वतःच्या घरालाही नाही. मी रागावलो. फोन ठेवल्यावर मात्र बरं वाटलं. शिष्या असावी तर अशी. पण आजच्या दिवशी नको होती.

सभा सहा ते आठ ठेवायला लावली. नियमात बसवलं.

९ मार्च. दुपारी दोन.
हिनं नवा शर्ट शिवलाय. बाह्या जरा लांब आहेत, पण ती म्हणते मंत्री झाल्यावर हात लांब होतात, चालेल. मजेत आहे आज. आरशापुढे तिनं माझी कॉलर नीट केली, म्हणाली, मनासारखं होऊ दे तुमच्या. 

पाटी आणि कुलूप पिशवीत घेतलंय. चारला हॉलवर पोचून स्वतः तपासणी करणार. आज काही कमी पडायला नको.

१० मार्च. सकाळ.
सगळं क्रमानं लिहितो, म्हणजे चूक माझी नव्हती हे स्पष्ट होईल.

साडेचारला हॉलमागचा स्विचबोर्ड उघडला. आत एक तार ढिली! कधीही ठिणगी पडली असती. मी मेन स्विच बंद केला, कुलूप घातलं, पाटी टांगली, किल्ली खिशात. अगदी पुस्तकात असतं तसं. तार आवळायला घेतली तोच शहराध्यक्षांचा माणूस धावत आला : मोठे साहेब वेळेआधीच निघालेत, शहराच्या वेशीवर गुच्छ घेऊन कोणीतरी हवं. आता ज्याचं नाव स्टेजवरून जाहीर व्हायचंय तो नको का वेशीवर? काम अर्धवट, म्हणून स्विच चालू करणं नियमात नव्हतं. दहा मिनिटांत येतो म्हटलं आणि निघालो. तेव्हा खिडक्यांतून ऊन येत होतं, वीज बंद आहे हे कोणाला कळलंही नाही.

मी पूर्वेच्या वेशीवर उभा राहिलो. मोठे साहेब पश्चिमेकडून आले. फोन मी बंद ठेवला होता. महत्त्वाच्या कामात फोन घ्यायचा नसतो, हाही आमचाच नियम.

इकडे सहा वाजले. हॉल गच्च. खिडक्यांवर कार्यकर्त्यांनी मधल्या वेळात पक्षाचे फलक ठोकलेले, त्यामुळे आत काळोख. पंखे बंद, माइक बंद. मोठे साहेब रुमालानं मान पुसत बसलेले. शहराध्यक्षांनी हॉलचा वायरमन बोलावला. तो माझ्याच हाताखाली तयार झालेला. त्यानं पाटी वाचली आणि हात मागे घेतला. म्हणाला, साहेबांची पाटी आहे, साहेबच काढतील. कोणीतरी कुलूप तोडायला हातोडा आणला तर हा बोर्डाला पाठ लावून उभा राहिला. आत माणूस असला तर, म्हणाला. शहराध्यक्ष ओरडले, अरे आत कोणी नाहीये! तो म्हणाला, ते पाटी टांगणाऱ्यानं सांगायचं. नोकरी घालवीन म्हणाले, तरी हलला नाही. हे ऐकलं तेव्हा माझी छाती भरून आली. इतर काहीही झालं असो.

मग इन्व्हर्टरवाला उठला. त्याचं दुकान समोरच. हातगाडीवर दोन इन्व्हर्टर, चार बॅटऱ्या, दोन माणसं. दिवे लागले, माइक लागला. बोर्डाला हातसुद्धा लावला नाही त्यानं.

मी गुच्छ घेऊन पोचलो तेव्हा मोठे साहेब बोलत होते. म्हणाले, अंधार का झाला हे सांगणारे पुष्कळ असतात, आम्हाला दिवा आणणारा माणूस हवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगलं वाक्य होतं, मीही वाजवल्या. पुढचं वाक्य म्हणजे तिकीट. इन्व्हर्टरवाल्याला.

माझ्या हातात गुच्छ होता. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यालाच दिला.

११ मार्च.
शांतपणे विचार केला. नुकसान पक्षाचं आहे. मी अपक्ष उभा राहणार. मेन स्विच एकच असतो, तो कुठल्या खोलीत बसवलाय याला महत्त्व नाही.

हिला सांगितलं. तिनं दोरा तोडला. म्हणाली, उभे राहायलाच हवं का? मी म्हटलं, लोक वाट बघतायत. ती म्हणाली, कसली?

उत्तर उद्या सुचेल.

१५ मार्च.
निवडणूक कार्यालयात निवडणूक चिन्हासाठी गेलो. बल्ब मागितला. बल्ब दुसऱ्या एका अपक्षानं आधीच पळवलेला. उरलेल्यांत मेणबत्ती, शिट्टी आणि कुलूप. मेणबत्ती घेणं म्हणजे जन्मभराच्या कामावर पाणी. शिट्टी पोरकट. कुलूप घेतलं. कुलूप म्हणजे सुरक्षितता, जबाबदारी, शिस्त. कारकुनानं दोनदा विचारलं, नक्की? तुम्ही? कुलूप? मी म्हटलं, परत म्हणा. त्यानं परत म्हटलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस पाणी पिता पिता ठसकला.

सभेच्या रात्री तार आवळून कुलूप मीच काढलं, पाटी मात्र हॉलवर विसरलो; ती शहराध्यक्षांनी पाठवून दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. सोबत चिठ्ठी नाही. दाराजवळच्या खिळ्याला अडकवली.

२१ मार्च.
प्रचार जोरात. मी रस्त्यानं निघालो की लोक खिशातून किल्ल्या काढून हवेत वाजवतात. दुकानांतून, गॅलऱ्यांतून, सगळीकडून छुमछुम. असा उत्स्फूर्त पाठिंबा पैसे देऊन मिळत नाही. न्हावी तर दारात येऊन वाजवतो.

कोपऱ्यावरच्या सभेला सोळा माणसं होती. बारा जण बसची वाट बघत होते हे नंतर कळलं, पण ऐकत होते. ट्रान्सफॉर्मरच्या तेलापाशी बस आली.

२६ मार्च.
हिला विचारलं, मत कोणाला? ती म्हणाली, मतदान गुप्त असतं. मी म्हटलं, नवऱ्यापासून? तिच्या हातात कात्री होती, ती कापडावरून सरळ चालवत राहिली. म्हणाली, मी तुमच्याशी खोटं बोलावं असं वाटतं का तुम्हाला? मी परत म्हणवून घेतलं नाही. पहिल्यांदाच.

नंतर अंधारात बसल्या बसल्या सहज म्हणाली, हा आठ ते दहाचा वेळ मिळाला असता तर तिनं दुकान टाकलं असतं. पूर्वी. मी विचारलं, कसलं दुकान? ती म्हणाली, कपड्यांचं, आणखी कसलं. मी म्हटलं, मला कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, तुम्ही त्या वेळी घरी कुठे असायचात.

निवडून आल्यावर हिच्यासाठी काहीतरी करायला हवं. आठवणीसाठी इथे लिहून ठेवतोय.

३० मार्च.
मतदान झालं. केंद्रावर सगळ्यांनी हसून पाहिलं. विजयाचं भाषण लिहायला घेतलंय. तेल कमी केलंय.

२ एप्रिल.
निकाल लागला.

माझ्याकडे परत म्हणून पक्की झालेली मतं अडीच हजारांच्या वर. मिळाली त्र्याऐंशी. तारांतून वीज वाहताना काही वाटेत हरवते, त्याला आम्ही गळती म्हणतो. पंधरा टक्के गळती आमच्यात चालवून घेतात. ही सत्त्याण्णव आहे. इतकी गळती मी कुठल्याही फीडरवर पाहिलेली नाही. शास्त्रीय अभ्यास व्हायला हवा.

इन्व्हर्टरवाला प्रचंड फरकानं आला. मिरवणूक आमच्या दारावरून गेली. ही गॅलरीत उभी होती. मी आतून विचारलं, खूप माणसं आहेत का? ती म्हणाली, नाही हो, थोडीच आहेत. आवाजावरून तसं वाटत नव्हतं.

डिपॉझिट गेलं. जेवलो नाही. नंतर जेवलो.

५ एप्रिल.
इन्व्हर्टरवाला घरी येणार असा निरोप आला तेव्हाच ओळखलं, सल्लागारपद! उत्तर तयार ठेवलं : आधी नाही म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की विचार करतो म्हणायचं, तिसऱ्यांदा हो.

आला. मागे दोन माणसं, एक मोठं खोकं. ऊर्जा समितीचा सभापती झालाय तो, पहिल्याच झटक्यात. म्हणाला, साहेब, आठ ते दहा बंद करायला गेलो तर अधिकारी म्हणतात जमणार नाही, वीजच कमी पडते. पुढच्या तीन महिन्यांचं वेळापत्रक समोर ठेवलं, सही केली. काय करणार साहेब, सही माझी, अधिकार वरचा. त्याचा चेहरा पडला होता. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला, पाठीवर हात ठेवला, म्हटलं, होतं असं, सवय होईल. दोन महिन्यांत मला कोणी काही विचारलं ते हे पहिल्यांदा. जरा बरं वाटलं.

सल्लागारपदाचा विषय निघाला नाही. मीच आडून काढला. तो म्हणाला, बघू. मी परत म्हण म्हटलं नाही.

मग मी खोक्याकडे बोट दाखवून कडकपणे म्हटलं, भेटी मी स्वीकारत नाही. तो गोंधळला. म्हणाला, भेट नाही साहेब, ताईंची ऑर्डर आहे. फेब्रुवारीतच बुक केलंय त्यांनी, शिलाईच्या पैशांतून. निकाल लागेपर्यंत आणू नका म्हणाल्या होत्या.

मी हिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, तुम्ही उभे असताना दारात इन्व्हर्टर उतरला असता तर लोक हसले असते तुम्हाला.

एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. लोक तसेही हसत होते हे तिला माहीत होतं. मलाही, वाटतं, माहीत होतं.

६ एप्रिल.
इन्व्हर्टर बसवला. फिटर काम करत असताना मी मेन स्विचपाशी माझी पाटी टांगून उभा राहिलो. त्यानं विचारलं, काका, तुम्ही पण याच लाइनीतले का? मी म्हटलं, थोडाफार.

जोडणी फक्त हिच्या शिवणाच्या खोलीला. दोन दिवे, पंखा, मशीन. मी हिशेब करून दाखवला की बाहेरच्या खोलीतला एक दिवा सहज बसेल. ती म्हणाली, नको, बॅटरी लवकर उतरेल, वह्या कशाला लागतात तुम्हाला त्या वेळी. मुद्दा बरोबर आहे. तुटवडा असला की प्राधान्य ठरवावं लागतं.

रात्रीच्या जेवणानंतर तिनं विचारलं, ती तुमची लाल पाटी मी घेऊ का? मी म्हटलं, घे की, नाहीतर धूळच खाते. कशाला हवी ते विचारायचं राहिलं.

८ एप्रिल. संध्याकाळी आठ वाजून गेले.
आठला वीज गेली. सेकंदाचा फरक नाही. टाळी वाजवली नाही.

दोन दिवसांचं लिहायचं राहिलं होतं, म्हणून वही घेऊन हिच्या खोलीकडे आलो. उजेड तिथेच आहे. तर दार लावलेलं. कडीला माझी लाल पाटी. माझ्या नावावर कापडाची एक पट्टी शिवून टाकलीय, तिच्यावर दोऱ्यानं हिचं नाव. टाके अगदी एकसारखे.

ठोठावायला हात वर केला, मग खाली घेतला. हात लावायचा नाही. ज्यानं टांगली त्यानंच काढायची. या नियमासाठी त्या बिचाऱ्या वायरमननं नोकरी पणाला लावली, मी मोडला तर त्याला काय तोंड दाखवू?

आत मशीन चाललंय. मध्येच थांबतं, ती काहीतरी गुणगुणते, परत चालू. मला माहीत नव्हतं ती गुणगुणते.

दाराबाहेर जमिनीवर बसलोय. फटीतून येणाऱ्या उजेडात लिहितोय. अक्षर जरा वाकडं येतंय, पण दिसतं. हाक मारली तर उघडेल, पण तिला आता कुठे वेळ मिळालाय.

दहाला उघडेल. वेळ मीच ठरवलेली आहे.